काडीचा आधार

आमच्या वाडीत रेंज फणसाखाली असते. घरात नसते, अंगणात नसते, रस्त्यावर नसते. फणसाखाली, तेही पूर्वेच्या अंगाला, बांधावरच्या जांभ्या दगडावर उभं राहून गणेशगुडीकडे तोंड केलं तर एक काडी दिसते. डावा पाय दगडाच्या पार टोकाला नेला तर दुसरी. हे शास्त्र कुणी शोधून काढलं ते ठाऊक नाही, पण वाडीतलं शेंबडं पोरसुद्धा त्यात पारंगत आहे. बाहेरगावचा सेल्समन येतो, अंगणात उभा राहून हातातला मोबाइल चारी दिशांना ओवाळायला लागतो, आणि गोट्या खेळणारं पोर मान वर न करता सांगतं, "मामा, फणसाखाली."

मी जोयडा तालुक्यात चार खोल्यांचा होमस्टे चालवतो. चालवतो म्हणजे काय, तर स्वयंपाक आमच्या हिचा, जाहिरात पुण्यातल्या चिरंजीवांची, आणि फणसाखाली उभं राहायचं काम माझं. धंद्यात प्रत्येकाला आपापल्या वकुबानुसार काम मिळतं.

फणसाला एक खिळा ठोकलेला आहे. त्याला दुधाच्या पिशवीत गुंडाळलेला कुणाचा ना कुणाचा मोबाइल लटकत असतो. टुंग वाजलं की चार घरांतून चार माणसं बाहेर येतात. ज्याचा असेल तो पिशवी सोडतो, बाकीचे तिथंच थांबून काय आलंय ते विचारतात. खाजगी असं काही राहिलेलं नाही. कुणाचा हप्ता थकलाय, कुणाच्या सुपारीला काय दर आला, कुणाच्या पोरीला हल्याळचं स्थळ सांगून आलंय, सगळं फणसाखाली खच्चून ओरडून बोललं जातं, कारण रेंज कमी असली की माणूस आवाज वाढवतो. ओटीपी कुणालाही सांगू नका, असं बँक परोपरीनं बजावते. आमच्याकडे ओटीपी फणसाखालून घरात ओरडून सांगावा लागतो, कारण मोबाइल खिळ्याला असतो आणि पासबुक हिच्या कपाटात.

"चार, सात, नऊ..."

"नऊ की दोन?"

"नऊ! नवरात्रातले नऊ!"

"आणि नऊनंतर काय म्हणालात ओ?" हे तिसऱ्या घरातून. त्यांचा काही संबंध नसतो, पण ऐकायला घेतलंय तर अर्धवट कशाला सोडा. तेवढ्यात ओटीपीची मुदत संपते. पुन्हा चार, सात, नऊ होत नाही. नवा आकडा येतो आणि वाडी नव्यानं कामाला लागते.

पावसाळ्यात या कार्यालयात जळवा भरती होतात. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात मोबाइल, तोंडात खाते क्रमांक आणि पोटरीला जळू. ती काढायची तर हात मोकळा हवा, आणि हात हलवला तर काडी जाते. मग व्यवहार पुरा होईपर्यंत तिला पिऊ द्यायचं. शहरात याला सेवाशुल्क म्हणतात.

चिरंजीवांनी होमस्टे ऑनलाइन चढवला तेव्हा आम्हाला वाटलं, झालं, आता काळजी नाही. बुकिंग त्याच्या मोबाइलवर येतं. तो लगेच मला कळवतो. त्याचं 'लगेच' पुण्यातलं असतं. एकदा संध्याकाळी फणसाखाली गेलो तेव्हा मेसेज आला: "बाबा, आज सहा जण येतायत. दोघं शाकाहारी आहेत. आधीच सांगून ठेवतोय." तेव्हा त्यातले चौघं आमच्या पडवीत कोंबडी खात होते आणि दोघं नुसता भात कालवत आमच्याकडे रागानं बघत होते. ही मला म्हणाली, "पाहुणे येणार की धाड पडणार, एवढं तरी विचारून ठेवत जा हो त्याला." विचारलं. त्याचं उत्तर पुढच्या पाहुण्यांबरोबरच पोचलं.

त्यापुढची करामत मात्र चिरंजीवांचीच. सुरुवातीला आमच्या जाहिरातीखाली लोक विचारायचे, नेटवर्क आहे का? आम्ही खरं सांगायचो आणि ते दुसरीकडे जायचे. मग पोरानं एके दिवशी जाहिरातीत 'डिजिटल डिटॉक्स' असं लिहिलं आणि खोलीमागे पाचशे रुपये वाढवले.

"हे पोट साफ करायचं असतं ना?" हिनं विचारलं.

"डोकं साफ करायचं, आई. नेटवर्क नसलेल्या ठिकाणी राहायला लोक जास्त पैसे देतात."

"मग आपण इतकी वर्षं फुकट राहतोय की."

आणि खरंच, ज्या कारणानं गिऱ्हाईक पळायचं त्याच कारणानं यायला लागलं. बेंगळुरू, हुबळी, पुणे, मडगाव. गाडीतून उतरल्या उतरल्या हात पसरून "वा, काय शांतता" म्हणायचं. तासाभरानं खुर्ची माझ्याजवळ ओढायची आणि आवाज खाली आणून विचारायचं, "अंकल, वायफाय?"

"नाही ओ. तुम्ही त्याच्यासाठीच आलात ना?"

"हो हो, ते आहेच. पण थोडंसं तरी? फक्त मेल बघायला?"

रात्री नऊला फणसाखाली बॅटऱ्या चमकायला लागतात. घरोघरच्या कुत्र्यांना आता सवय झालीय, तीही भुंकत नाहीत. बेंगळुरूचा एक तरुण गृहस्थ धनेश बघायला आला होता. गणेशगुडीचा परिसर त्या पक्ष्यासाठी नावाजलेला आहे, आणि आमच्या जाहिरातीतल्या धनेशाच्या फोटोवर भाळूनच त्यानं खोली घेतली होती. सोमवारी सकाळी तो फणसाखाली दगडावर उभा राहून कानात बोंडं घालून ऑफिसची मीटिंग करत होता. नेमका त्याच वेळी धनेश आला, पिवळ्या चोचीचा, ऐटबाज, आणि डोक्यावरच्या फांदीवर बसून ओरडायला लागला. तो गृहस्थ साहेबाला "सॉरी सर, सॉरी" म्हणत हात उडवून त्याला हाकलत होता. धनेश गेला. मीटिंगही गेली, कारण हात उडवताना पाय हलला होता.

पण खरी करमणूक निघताना असते.

यूपीआय २०१६ साली आलं आणि बघता बघता शहरातल्या माणसानं पाकीट बाळगायचं सोडलं. आमच्याकडे येणाऱ्यांच्या खिशात दहाची नोट निघाली तर ती ते पोरांना दाखवतात. एटीएम म्हणजे गाडी काढून जोयडा नाहीतर दांडेली गाठायची, आणि तिथलं यंत्रही शेवटी नेटवर्कच्याच मेहेरबानीवर. म्हणून चेक-आऊटच्या वेळी आमच्या अंगणातून वरात निघते. पुढं क्यूआर कोडचा लॅमिनेट केलेला कागद घेऊन मी, मागं पाहुणा, त्याच्या मागं बिलाची वही घेऊन ही, आणि शेवटी काय होतंय ते बघायला शेजारी. पाहुणा दगडावर चढतो, डावा पाय टोकाला नेतो (हे आम्ही शिकवतो), कोड टिपतो, आकडा घालतो, आणि पडद्यावर चक्र फिरायला लागतं. ते फिरत असताना कुणीही बोलायचं नाही असा संकेत आहे. एकदा शेजारच्या काकींना शिंक आली तर सगळ्यांनी त्यांच्याकडे वळून बघितलं.

"अंकल, कट झाले."

"आले नाहीत ओ."

तो त्याचा मोबाइल मला दाखवतो, मी माझा त्याला दाखवतो. दोघंही खरं बोलत असतो, पंचाईत तीच आहे. आता पोलीस, पंच, देव, कुणालाही बोलावून उपयोग नसतो. अशा वेळचा कायदा काय आहे तो मला तोंडपाठ झालाय. रिझर्व्ह बँकेनं २०१९ च्या सप्टेंबरात ठरवून दिलंय, की दुकानदाराला दिलेले यूपीआयचे पैसे गिऱ्हाइकाच्या खात्यातून गेले आणि दुकानदाराकडे पोचल्याची खात्री झाली नाही, तर पाच दिवसांत ते गिऱ्हाइकाच्या खात्यात आपोआप परत पडले पाहिजेत. तसं न झाल्यास पुढं रोज शंभर रुपये भरपाई, तीही गिऱ्हाइकाला. नियम चोख आहे, गिऱ्हाइकाच्या भल्याचा आहे. फक्त तो करणाऱ्यांनी जोयड्याचा फणस विचारात घेतलेला नाही. कारण पाच दिवसांनी पैसे परत पडतात तेव्हा कोंबडी पचलेली असते आणि गिऱ्हाईक बेंगळुरूच्या सिग्नलला उभं असतं.

मग मी फोन करतो.

"हॅलो, मी जोयड्याहून बोल..."

"कोण?"

"तुम्ही आमच्याकडे कोंबडी..."

"मला कोंबडी नको." खट्‌.

पुन्हा लावतो. या खेपेला जपून, एका दमात सगळं सांगायचं ठरवून. "साहेब, तुमच्या खात्यात माझे पैसे परत आलेत, तेवढे मला पाठवा." बोलून झाल्यावर माझ्याच लक्षात येतं, की अनोळखी नंबरवरून, तुटक आवाजात, हेच वाक्य मला कुणी ऐकवलं असतं तर मीही फोन आपटून पोलिसांना कळवलं असतं. मध्यंतरी फोन लागायच्या आधी सावध राहा म्हणून ऐकवायचे ना, ते माझ्याचबद्दल असायचं. तरी जग वाईट नाही. बहुतेक लोक मागाहून पाठवतात. हुबळीच्या एका बाईंनी तर खात्री म्हणून दोनदा पाठवले. जादाचे परत करायला मी फणसाखाली गेलो, तर ते माझ्या खात्यातून गेले आणि त्यांना पोचले नाहीत. पाच दिवस दोघंही एकमेकांचं सांत्वन करत होतो.

नेटवर्क मुळीच नसलेल्या काळात धंदा रोखीवर आणि वहीवर चालायचा. वही भिजली तर उन्हात वाळवायची. आता ते आहेही आणि नाहीही. आहे म्हणून पाहुणा रोकड आणत नाही, नाही म्हणून पैसे पोचत नाहीत. मुळातच नसलेलं दुकानदाराला परवडतं हो. असून नसलेलं परवडत नाही. कारण नसलेल्यावर कुणी विसंबत नाही. २०२२ च्या मार्चमध्ये रिझर्व्ह बँकेनं साध्या फोनवरून पैसे पाठवायची सोयही आणली, यूपीआय १२३पे नावाची. इंटरनेटची गरज नाही, नुसता फोन करायचा. ऐकून वाडी हरखली. मग कुणीतरी विचारलं, "पण फोन लागायला पाहिजे ना?" आणि सगळे आपापल्या घरी गेले.

एकदा एक टॉवरवाला पाहणी करायला आला होता. हातात यंत्र, पायात शहरी बूट. पडवीत बसून त्यानं हिशेब मांडला.

"या वाडीत घरं किती?"

"अकरा."

"आणि पलीकडे?"

"पलीकडे जंगल."

"त्याच्या पलीकडे?"

"जंगलच. मग गोवा."

त्यानं वही मिटली. त्याचंही चुकलं नाही. जोयडा हा उत्तर कन्नड जिल्ह्यातला सगळ्यात ऐसपैस तालुका, एकोणीसशे चौरस किलोमीटरच्या आसपास, आणि २०११ च्या जनगणनेत माणसं जेमतेम पन्नास हजारांच्या घरात. बाकी रहिवासी शेकरू, गवे, अस्वलं आणि वाघ. त्यांना सिमकार्ड विकता येत नाही. आमच्या भोवतीचं रान काळी व्याघ्र प्रकल्पात मोडतं, त्यामुळे तिथं केबलसाठी चर खणायचा तर वन खात्यापासून वरपर्यंत परवानग्या लागतात. तेही रास्तच. वाघ आधीपासून आहे, कनेक्शनची मागणी नंतरची.

मला हसू येतं ते विजेचं. काळी नदी आमच्याच तालुक्यात डिग्गीला उगम पावते आणि १८४ किलोमीटर जाऊन कारवारला समुद्राला मिळते. वाटेत तिच्याकडून काय काय करवून घेतात! सुप्याला १०१ मीटर उंच धरण, त्याच्या पायथ्याशी ५०-५० मेगावॉटची दोन जनित्रं, खाली नागझरी, कोडसळ्ळी, कद्रा, आणि काठावर कैग्याची अणुवीज. सुप्याच्या धरणासाठी जुनं सुपा गाव पाण्याखाली गेलं, माणसं उठून रामनगरला गेली. आणि एवढी वीज देणाऱ्या नदीच्या माहेरी एक फांदी तारेवर पडली की अंधार. दिवे गेले की टॉवरची बॅटरी काही वेळ दम धरते. मग टॉवरला डिझेल लागतं. डिझेलची गाडी निघते, तर रस्त्यावर झाड आडवं. झाड तोडणाऱ्यांना बोलवायचं तर फोन करायला हवा. फोन करायचा तर टॉवर चालू हवा. टॉवरला डिझेल लागतं. आषाढात हे वर्तुळ इतक्या वेळा फिरतं, की आम्ही आता मध्येच कुठंतरी उतरून झोपून जातो.

वरून फायबर टाकलं तर? तेही टाकून बघितलंय लोकांनी. वाराणसीत २०१५ साली गंगेकाठच्या फायबरच्या तारा माकडांनी कुरतडून खाल्ल्याची बातमी जगभर गेली होती. माकडं आमच्याकडेही आहेत आणि त्यांचे दात चांगले आहेत. आणि जमिनीखालून म्हणाल तर जॉर्जिया देशात २०११ साली पंचाहत्तर वर्षांची एक आजीबाई फावडं घेऊन तांब्याची तार शोधायला जमीन उकरत होती, तिच्या हातून एक केबल तुटली आणि शेजारच्या आर्मेनियाचं इंटरनेट पाच तास बंद पडलं. एका म्हातारीनं फावड्यानं अख्खा देश बंद पाडला! आमच्याकडे तेवढ्याच कामाला जेसीबी, ठेकेदार आणि रस्ता रुंदीकरणाचा फलक लागतो. रामनगर-खानापूरच्या रस्त्यावरून ज्यांनी गेल्या काही वर्षांत प्रवास केलाय त्यांना खणण्याबद्दल मी वेगळं सांगायला नको. २०२५ च्या जूनमध्ये स्टारलिंकला परवाना मिळाल्याचं पेपरात आलं तेव्हा चिरंजीवांनी तोही विचार केला. ताटली बसवायची आणि थेट आकाशातून घ्यायचं. पण ताटलीला मोकळं आकाश लागतं, आणि आमच्या घराच्या नेमकं वर फणसाचा पसारा आहे. फणस तोडावा लागेल म्हटल्यावर वाडीनं एकमुखानं विरोध केला. ताटली चालली नाही तर उभं कुठं राहायचं?

हा त्रास एकट्या माझा नाही. तालुक्याच्या गावी ओळखीचा एक ऑनलाइन सेंटरवाला आहे. झेरॉक्स, आधार, अर्ज, तिकिटं, सगळं करतो. त्याच्या दारात 'सर्वर डाऊन' अशी पाटी कायमची रंगवलेली आहे; सर्वर चालू झाला की तो तिच्यावर टॉवेल टाकतो. आत बाकावर माणसं सकाळपासून बसलेली असतात. कुणी विचारलं तर तो पडद्यावरची नजर न काढता म्हणतो, "बर्तद री, बर्तद." येईल हो, येईल. आशा इतक्या कमी भांडवलात विकणारा दुसरा धंदा मी बघितला नाही. त्याच्या शेजारचा हार्डवेअरवाला पूर्वी पहाटे चारला काकड आरतीला उठायचा. आता दर महिन्याच्या वीस तारखेला जीएसटीच्या विवरणपत्रासाठी उठतो, कारण त्या वेळी पंचक्रोशी झोपलेली असते आणि सगळी काडी त्याला एकट्याला मिळते. उशिराच्या प्रत्येक दिवसाला दंड आहे. "पांडुरंग चालवून घ्यायचा ओ," तो म्हणतो, "हे पोर्टल घेत नाही."

सगळ्यांत निवांत माणूस म्हणजे अणशी घाटातून मोटरसायकलवर मासे घेऊन येणारा कारवारचा मासेवाला. त्याच्या बर्फाच्या पेटीवर क्यूआर कोड आहे, त्यावर बांगड्याचे खवले चिकटलेले. पेटीच्या दांडीला पैसे आल्याचं बोलून दाखवणारा डबा बांधलेला असतो. आमच्या वाडीत तो डबा मुका. बायका फणसाखाली जाऊन पैसे पाठवतात आणि "गेले हां" म्हणतात. हा मान डोलावतो, पेटीच्या झाकणावर खडूनं नावं आणि आकडे लिहितो आणि गाडीला किक मारतो. पुढच्या वळणावर रेंज आहे. तिथं पोचला की डबा एकदम वाचा फुटून बोलत सुटतो: एकशे वीस रुपये प्राप्त, ऐंशी रुपये प्राप्त, तीनशे चाळीस रुपये प्राप्त. हा गाडी थांबवून झाकणावरचा एकेक आकडा पुसतो. जो पुसला जात नाही त्याच्या घरापुढं दुसऱ्या दिवशी हॉर्न जरा लांब वाजतो, एवढंच. वर्षाचे सहा महिने त्या झाकणाचा हिशेब बँकेच्या आधी लागतो.

आणि जानेवारीत जोयड्याला कंदमुळांचा मेळा भरतो तेव्हा तर बघण्यासारखं असतं. आमच्या भागातले कुणबी शेतकरी मुडली, कणगं, करांदे, सुरण असे पाटीपाट्यांनी कंद आणतात, एकेक बाळाएवढा. शहरातून माणसं येतात, फोटो काढतात, भाव करतात आणि मोबाइल पुढं करतात. मैदानात एवढे मोबाइल जमल्यावर काडी कुणाच्या वाट्याला येणार? एका म्हातारीपुढं चष्मेवाल्या साहेबांनी कंदाची पिशवी भरून घेतली आणि मोबाइल उगारला. म्हातारीनं चक्र फिरताना थोडा वेळ बघितलं आणि शांतपणे विचारलं, "नोट आसा?"

साहेबांकडे नव्हती. बायकोकडे नव्हती. ड्रायव्हरकडे होती. साहेबांनी ड्रायव्हरकडून उसने घेऊन म्हातारीला दिले, तिनं ते कनवटीला खोचले आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली. ड्रायव्हरला साहेब म्हणाले, "तुला यूपीआय करतो हां." ड्रायव्हरचा चेहरा मला फार ओळखीचा वाटला.

सरकारचं म्हणाल तर तिथंही हालचाल आहे. २०२२ च्या जुलैत केंद्रानं देशातल्या २४,६८० गावांपर्यंत फोरजी पोचवायचा २६,३१६ कोटींचा प्रकल्प मंजूर केला. पेपर वाचून मी वाडीत जाहीर केलं, की आपण आता मोजणीत आलो. यादीत आपलं नाव आहे का, असं शेजाऱ्यांनी विचारलं. यादी ऑनलाइन होती.

मग गेल्या दिवाळीच्या सुमारास नवल घडलं. खांबांवरून लोंबत लोंबत एक काळी तार आमच्या वाडीपर्यंत आली आणि आमच्या पडवीत हिरवे दिवे लुकलुकणारा एक डबा बसला. पहिल्या दिवशी वाडीतल्या प्रत्येकानं येऊन त्याला हात लावून बघितला. फणसाखालचा दगड मोकळा पडला. पाहुण्याचे पैसे पडवीत बसल्या बसल्या माझ्या खात्यात आले, तेव्हा मला इतकं अवघडल्यासारखं झालं, की मी सवयीनं डावा पाय पुढं टाकला.

चिरंजीवांना फोन केला, तोही घरातून. "जाहिरातीतली ती डिटॉक्सची ओळ काढून टाकतोस ना?"

"बाबा, खोल्या तिच्यावर जातात. राहू दे."

राहू दिली. पुढच्या शनिवारी पुण्याचं एक कुटुंब आलं. नवरा, बायको, दोन पोरं. आल्यापासून चौघांनी चार कोपरे धरले. नदीवर कुणी गेलं नाही, धनेश येऊन ओरडून गेला, हिनं केलेल्या आंबोळ्या गार झाल्या. दुसऱ्या दिवशी निघताना बाई माझ्यावरच घसरल्या. "तुम्ही लिहिलं होतं नेटवर्क नाही म्हणून. आम्ही पोरांना मुद्दाम एवढ्या लांब आणलं. ही शुद्ध फसवणूक आहे." गाडीत बसायच्या आधीच त्यांनी दोन तारे देऊन तसं सविस्तर लिहूनही टाकलं. आमच्याच वायफायवरून लिहिलं, आणि अक्षरही न अडकता तिथल्या तिथं जगभर पोचलं.

त्या रात्री हिनं तो डबा पडवीतून उचलला आणि स्वयंपाकघरात, मसाल्याच्या फळीवर, लोणच्याच्या बरणीशेजारी नेऊन ठेवला. बटण आता तिच्या हाताशी असतं. परवा कोल्हापूरचे काही तरुण आले. चहा पिऊन होत नाही तोच त्यातला एक स्वयंपाकघराच्या दाराशी घुटमळायला लागला.

"काकू, वायफाय आहे असं कळलं."

"आहे की."

"पासवर्ड?"

ही तव्यावरची आंबोळी उलटत म्हणाली, "बिलाबरोबर मिळेल."